जावळीचं डोहाळजेवण

नवी पेठेत घोंगडीवाल्या कस्तुराबाईंचं दुकान कुठं, असं कुणी विचारलं तर लोक दुकान दाखवत नाहीत, मांजर दाखवतात. ‘ती बघा, पायरीवर पांढरी मांजर बसलीय ना, तिच्या मागं.’ दुकान चटकन दिसण्यासारखं नाहीच. एका बाजूला रुद्रप्पांचं धोतर-टोप्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला जिना, आणि मध्ये उभ्या माणसानं दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी फट. त्या फटीत घोंगड्यांच्या थप्प्या पार छतापर्यंत गेलेल्या. वर एक खोली. तीत कस्तुराबाई आणि त्यांचे मालक ज्ञानबा राहतात.

कस्तुराबाईंचा जन्म सांगोल्याच्या बाजूचा, मेंढरांमागं चालणाऱ्या घरातला. चालायला शिकल्या त्याच मेंढीच्या शेपटीला धरून, असं त्यांची आई सांगायची. लग्न झालं ते घोंगडी विणणाऱ्या घरात. ज्ञानबांनी निम्मं आयुष्य मागावर काढलं आणि गुडघे बोलायला लागल्यावर सोलापुरात येऊन हे दुकान टाकलं. आता माल गावाकडच्या विणकरांकडून येतो. ज्ञानबा घोंगडी झटकून, घडी घालून ठेवतात आणि कस्तुराबाई विकतात. बोलायचं काम त्यांच्याकडं असल्यानं ज्ञानबांवर बोलायची वेळ फारशी येत नाही, आणि ते त्याबद्दल समाधानी दिसतात.

पेठेत कस्तुराबाईंचा दरारा होता तो मात्र घोंगड्यांमुळं नव्हे. त्यांच्या हातामुळं. मेंढीच्या कुशीला हात लावला की गाभण आहे का, किती कोकरं आहेत, कधी व्यायची, हे त्या सांगत. गावाकडून घोंगडी घेऊन येणारी माणसं आधी मेंढीचा प्रश्न विचारत आणि मग हिशोबाचं काढत. गल्लीत आल्यावर हा हात माणसांपर्यंत पोचला. रुद्रप्पांच्या सुनेला दिवस गेलेत हे तिच्या घरात कळायच्या आधी कस्तुराबाईंना तिच्या चालण्यावरून कळलं होतं. दुकानाच्या पायरीशी फुलांची पाटी घेऊन बसणाऱ्या कमलम्मांच्या भाचीला जुळं होणार, हेही त्यांनी नुसतं बघून सांगितलं. कमलम्मा घरी तेलुगू बोलणाऱ्या, विणकराच्या घरातल्या. त्या दिवसापासून त्या कस्तुराबाईंना ‘डॉक्टरम्मा’ म्हणायला लागल्या. कस्तुराबाई वरवर रागवायच्या. पण कुणी ती हाक विसरलं तर त्यांच्या लक्षात यायचं.

मांजर आली होती घोंगड्यांच्या गठ्ठ्यातून. एका विणकरानं गाठोडं पाठवलं, ते सोडलं तर आत मुठीएवढं पिल्लू. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर असते, तिला जावळ म्हणतात. तिच्यासारखं मऊ आणि पांढरं. म्हणून तिचं नाव जावळी. उंदरांना लोकर आवडते, तेव्हा घोंगडीच्या दुकानात मांजर म्हणजे नोकरीला ठेवलेलं माणूसच. जावळीनं काही वर्षं ती नोकरी इमानानं केली. पुढं पुढं तिनं उंदीर मारणं कमी करून गिऱ्हाईक जमवायला सुरुवात केली. पोरंबाळं तिला बघायला थांबत, त्यांच्या आया पोरांसाठी थांबत, आणि थांबलेल्या बाईला घोंगडीची ऊब समजावून सांगायला कस्तुराबाईंना वेळ लागत नसे.

ह्या दिवाळीनंतर जावळीचं पोट सुटायला लागलं.

कस्तुराबाईंनी एका दुपारी तिला मांडीवर घेतलं, दोन्ही कुशींना हात लावला, डोळे मिटले आणि निकाल देऊन टाकला. गाभण. तीन पिल्लं. आत हललेलं हाताला कळलं होतं.

रुद्रप्पांनी धोतराची घडी घालता घालता शंका काढली. मांजर एवढी सुस्त का, पूर्वी त्यांच्या गादीवर उडी मारायची, आता चढतसुद्धा नाही. जनावरांच्या डॉक्टरला एकदा दाखवलं तर काय बिघडेल. कस्तुराबाईंनी त्यांना विचारलं की आजवर त्यांनी किती मेंढ्यांची वेतं काढलीत. रुद्रप्पांनी आयुष्यात एकाही मेंढीला हात लावला नव्हता. विषय संपला.

पिल्लांची वाटणी मात्र सुरू झाली. एक कमलम्मांच्या बहिणीला, कुंभारी गावाला. तिच्या घरी विडीची पानं भिजत ठेवलेली असतात आणि उंदरांनी उच्छाद मांडला होता. एक पलीकडच्या भांडीवाल्याला. तिसऱ्यावर रुद्रप्पांनी हक्क सांगितला, शंका काढणाऱ्याला पिल्लू मिळणार नाही असं कस्तुराबाईंनी जाहीर केलं, आणि मग चार दिवस दोन्ही दुकानांत ह्यावरून जोरात वाद चालला. पुण्याला नोकरीला असलेल्या रुपालीला, कस्तुराबाईंच्या लेकीला, फोनवर रोज पोटाची खबर जात होती.

डोहाळजेवणाची कल्पना कमलम्मांची. त्या म्हणाल्या, माणसाची पोर असती तर हिरव्या बांगड्या भरल्या असत्या, हिनं काय घोडं मारलंय. कस्तुराबाईंनी आढेवेढे घेतले, पण फार नाही. दुपारी गिऱ्हाईक पातळ असतं तेव्हा पायरीवर नवं घोंगडं अंथरलं. कमलम्मांनी अबोलीचा बारीक गजरा करून आणला. रुद्रप्पांनी हिरव्या खणाची चिंधी गळ्यात बांधायला दिली. चार बायका आजूबाजूच्या दुकानांतून आल्या, दोघी-तिघी तर खरेदीला आलेल्या, ओळख ना पाळख, पण डोहाळजेवण म्हटल्यावर थांबल्या. कस्तुराबाईंनी जावळीला कुंकवाचं बोट लावलं. कुणीतरी मोबाइल धरला होता.

शेवटचा खेळ वाट्यांचा. माणसाच्या डोहाळजेवणात एका वाटीखाली पेढा आणि एका वाटीखाली बर्फी झाकतात. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. जावळीसाठी एका वाटीत भाजलेला बोंबील ठेवला आणि दुसरीत दही-भात. दही-भात रुद्रप्पांच्या घरचा. त्यांच्या दुकानासमोर बोंबील भाजला म्हणून ते सकाळपासून नाकाला रुमाल लावून बसले होते, पण हरायचं नाही म्हणून भाताला तूप सोडून आणलं होतं.

“बघू आता, शाकाहारी निघतंय का मटणवालं,” ते रुमालाआडून म्हणाले.

वाट्या पुढं सरकवल्या. जावळी बसली होती तशीच बसून राहिली. बोंबलाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. बायका हसल्या, लाजतीय म्हणाल्या. कमलम्मांनी वाटी तिच्या तोंडापाशी नेली तर तिनं मान वळवली. कोपरं बाहेर काढून, मान पुढं ताणून ती बसली होती आणि तिचं तोंड उघडं होतं. कुत्रं धापा टाकतं तशी ती धापा टाकत होती.

मोबाइलवाली म्हणाली, हसतीय बघा.

कस्तुराबाई हसल्या नाहीत. गाभण मेंढी खाणं सोडत नाही, उलट दुसरीच्या तोंडचं ओढते. आणि मांजर तोंड उघडं टाकून श्वास घेत नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. गेले कित्येक दिवस हिच्या बरगड्या भराभर हलताना त्या बघत होत्या. पिल्लांचा भार, असं म्हणून मनाला गप्प करत होत्या. रुद्रप्पांना जे बोलून बसलो ते आता कसं फिरवायचं, हेही त्या गप्प करण्यात होतंच. त्यांनी पोटावर पुन्हा हात ठेवला. ह्या खेपेला डोळे मिटले नाहीत.

“ही गाभण न्हाय,” त्या म्हणाल्या. “आवो, रिक्षा बघा. लवकर.”

ज्ञानबांनी गुडघ्यांचा विचार न करता कोपऱ्यापर्यंत धाव घेतली. रुद्रप्पांनी दुकानातला धोतराचा रिकामा खोका आणून दिला, खाली अंथरायला कापड घातलं आणि झाकणाला कात्रीनं भोकं पाडली. गजरा आणि हिरवी चिंधी तशीच गळ्यात घेऊन जावळी दवाखान्यात पोचली. रिक्षात ती असा आवाज काढत होती की रिक्षावाला दोनदा मागं वळून बघत होता. आयुष्यात ती पहिल्यांदाच गाडीत बसली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टर ऋतुजा वयानं रुपालीएवढ्याच. त्यांनी गजरा बघितला आणि आधी जावळीला प्राणवायूच्या काचेच्या पेटीत ठेवलं. श्वास जरा खाली बसल्यावर छातीतून बारीक सुईनं पाणी काढलं. मग पोटातून थोडं. मग पोटावरचे केस भादरून, चिकट मलम लावून यंत्र फिरवलं. पडद्यावर करडं करडं काहीतरी हलत होतं. डॉक्टर एकाच जागी पुन्हा पुन्हा थांबत होत्या.

“आजी, पिल्लं नाहीत. पोटात होतं ते पाणी.”

“मग आत हललं ते?”

“पाणीच. इकडून बोट मारलं की तिकडं लाट लागते. भल्याभल्यांना फसवतं ते.”

मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवून समजावलं. हृदयाच्या उजव्या बाजूला, भिंतीतच, गाठ वाढली होती. अंगातून परत येणारं रक्त आत घ्यायला त्या बाजूला जागा उरली नव्हती, म्हणून ते मागं तुंबत होतं आणि पाणी होऊन पोटात आणि छातीत झिरपत होतं. मांजरांचं हृदय थकतं ते बहुतेक वेळा त्याचे स्नायू जाड झाल्यानं. गाठीनं थकलेलं क्वचित बघायला मिळतं. आणि अशी गाठ निघाली तर ती बऱ्याचदा एका ठरावीक कॅन्सरची असते, रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या जातीची. काढलेलं पाणी तपासायला पाठवते, दोन दिवसांत नक्की सांगते, असं त्या म्हणाल्या.

“काळजाला क्यान्सर,” कस्तुराबाई स्वतःशीच म्हणाल्या. “आन् म्या तिचं डोहाळजेवण केलं की.”

ज्ञानबांनी खोक्यावरचं झाकण नीट केलं. “गजरा छान दिसत हुता,” ते म्हणाले.

दोन दिवसांनी तपासणी आली ती डॉक्टरांच्या अंदाजासारखीच. तोवर पाणी निघाल्यानं जावळी हलकी झाली होती, वाटीभर दूध पिऊन घोंगड्यांच्या पुढच्या बुटक्या थप्पीवर चढली होती. बघणाऱ्याला वाटलं असतं की मांजर बरी झाली. कस्तुराबाईंनाही क्षणभर तसंच वाटून घ्यायचा मोह झाला होता. पण एकदा फसवून घेतलं तेवढं पुरे होतं.

गल्लीत सांगायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणावर सोडलं नाही. सकाळी दुकान उघडल्यावर पायरीवर उभं राहून, भांडीवाल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं की पिल्लं नाहीत, मांजर आजारी आहे, आणि चूक आपली स्वतःची आहे. कुणी पिल्लू मागायला येऊ नये. मग त्या रुद्रप्पांचा टोमणा ऐकायला तयार होऊन बसल्या. टोमणा आलाच नाही. दुपार झाली तरी नाही. दर वेळी आपणच जिंकणाऱ्या बाईला ह्याची सवय नव्हती. शेवटी त्याच ओरडल्या की जे बोलायचं ते एकदा बोलून टाका, मनात ठेवू नका.

“अक्का,” रुद्रप्पा म्हणाले, “मी एवढंच म्हणतो. माझ्या सुनेच्या वेळी बरोबर निघालं, तेवढं बास आहे मला.”

कस्तुराबाई आत जाऊन विनाकारण एक घोंगडी उलगडून पुन्हा घडी घालत बसल्या.

आता प्रश्न होता पुढं काय करायचं. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. पुण्याला मोठा दवाखाना होता, तिथं कॅन्सरची औषधं देता येतील. त्यासाठी आठवड्या-आठवड्याला जावं लागेल, किंवा तिथंच ठेवावं लागेल. गाठ लहान होऊन काही महिने मिळतील, कदाचित. हृदयातल्या गाठीचा भरवसा मात्र त्यांना देता येत नव्हता. दुसरी वाट इथंच राहायची. पाणी लघवीवाटे काढणारी गोळी, सूज आणि गाठ थोडी धरून ठेवणारी दुसरी गोळी, आणि पाणी पुन्हा साठलं की सुईनं काढायचं. तसे दिवस कमी मिळतील. किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कस्तुराबाईंनी विचारलं नाही. एकच गोष्ट विचारली.

“हितं ठेवली तर दुकल का वो तिला?”

“पाणी वेळेवर काढलं आणि ती खात राहिली तर नाही. श्वासाला त्रास व्हायला लागला आणि पाणी काढूनही थांबेना, तर मी सांगेन तुम्हाला. मग ओढत न्यायचं नाही. कायमचं झोपवायचं इंजेक्शन मी देईन, शांतपणे.”

रुपालीला ही दुसरी वाट अजिबात पटली नाही. फोनवर ती आईवर चिडली. औषध असताना द्यायचं नाही म्हणजे काय, माणसाला असं केलं असतं का, सगळी व्यवस्था ती करते, आईनं फक्त हो म्हणावं. कस्तुराबाईंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांना रिक्षातला तो आवाज आठवत होता. दवाखाना रिक्षानं चार वळणांवर; तेवढ्यात मांजर उलटी करून गळपटली होती. पुणं किती लांब. पण लेक म्हणते ते खरं असलं तर? नुकताच एकदा हट्ट धरून बसलो होतो आणि तो किती महागात पडला असता. हाही तसलाच हट्ट नाही कशावरून? ज्ञानबांना विचारलं तर ते म्हणाले की मांजर काय करते ते बघ आधी. हे उत्तर होतं की टाळाटाळ, ते कस्तुराबाईंना कळलं नाही.

दरम्यान गोळ्या चालू झाल्या होत्या आणि गोळ्यांनी गल्लीला कामाला लावलं होतं. जावळीला गोळी देणं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालणं. कस्तुराबाईंनी मेंढीला पाजतात तसं जबडा धरून बघितलं, तर मनगटावर चार ओरखडे उठले. कमलम्मांनी गोळी बोंबलात दडवली. जावळीनं बोंबील खाल्ला आणि गोळी पायरीवर काढून ठेवली, स्वच्छ चाटून. भांडीवाल्यानं पेढ्यात घालायला सांगितलं. पेढा ज्ञानबांनी खाल्ला.

मग एके सकाळी रुद्रप्पा घरून वाटी घेऊन आले. म्हशीच्या दुधाची जाड साय. बोटावर घेऊन गोळी तीत गुंडाळली आणि बोट पुढं केलं. जावळीनं वास घेतला, विचार केला आणि बोट चाटून पुसून लख्ख केलं. गोळी गेली.

रुद्रप्पांनी बोट वर करून सगळ्या गल्लीला दाखवलं. “शाकाहारी!”

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळची गोळी त्यांच्याकडं गेली. दुकान उघडायला उशीर चालेल, पण साय चुकायची नाही. त्यांच्या सुनेनं चहाला साय उरत नाही अशी तक्रार केली तर त्यांनी चहाच सोडला.

शनिवारी सकाळी रुपाली न कळवता येऊन उभी राहिली. हातात मांजर न्यायची नवी पिशवी, दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या, आत गादी. संध्याकाळची गाडी ठरवली आहे, असं तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. आईनं भांडावं म्हणून ती तयारीनं आली होती. पण कस्तुराबाई भांडल्या नाहीत. दिवसभर बस इथं, संध्याकाळी काय करायचं ते तू ठरव, मी आड येणार नाही, एवढंच म्हणाल्या. हे बोलायला त्यांना किती जड गेलं ते फक्त ज्ञानबांना दिसलं, कारण बोलून झाल्यावर त्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याच घोंगडीचा भाव सांगत होत्या.

रुपाली गल्ल्यामागं स्टुलावर बसली. तिनं पिशवीचं तोंड उघडं ठेवलं होतं, मांजरीला सवय व्हावी म्हणून. जावळी पिशवीपाशी गेली, जाळीतून आत बघितलं आणि उलट फिरून रुद्रप्पांच्या पायरीवर जाऊन बसली, कारण त्यांची यायची वेळ झाली होती. साय खाल्ली. तिथून कमलम्मांच्या पाटीखालच्या ओल्या फडक्याच्या गारव्याला जाऊन लवंडली. कमलम्मांनी तिच्याशी तेलुगूत गप्पा मारल्या. एक लहान मुलगी थांबली, मग तिची आई थांबली, आणि कस्तुराबाईंनी एक घोंगडी विकली. उन्हाची तिरीप पायरीवर आली तशी जावळी तिरिपीबरोबर सरकत सरकत दुकानात आली. त्या बुटक्या थप्पीवरही उडी मारायला तिला आता जमत नव्हतं. ज्ञानबांनी खाली दोन घोंगड्या पायऱ्यांसारख्या रचून ठेवल्या होत्या. ती एकेक पायरी चढली, वर जाऊन दम खाल्ला, आणि पाय पोटाखाली घेऊन झोपली. रुपालीनं मोबाइल काढला आणि तिचे श्वास मोजले. डॉक्टरांना फोन लावून आकडा सांगितला. डॉक्टर म्हणाल्या, आज छान आहे.

दुपारचं जेवण झालं, भांडी घासून झाली. ऊन रस्त्याच्या पलीकडं गेलं. गाडीवाल्याचा फोन आला तेव्हा रुपाली बाहेर जाऊन बराच वेळ बोलली. आत आली ती आईच्या शेजारी गठ्ठ्यावर बसली.

“आई, ऱ्हाऊ दे तिला हितंच,” ती म्हणाली. पुण्यात इतकी वर्षं काढलेल्या पोरीच्या तोंडून ‘हितं’ ऐकून कस्तुराबाईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्यांनी दोन्ही गोष्टी पदरानं एकदमच पुसल्या.

“गाडीवाल्याला काय सांगितलंस?”

“पेशंट तयार न्हाय म्हणलं.”

ज्ञानबा चहा सांगायला गेले. रुद्रप्पांनी पलीकडून ओरडून विचारलं की संध्याकाळची साय आणायची का नाही, की पुण्याला पाठवायची. रुपालीनं आणायला सांगितली, आणि मला दाखवा कशी देता ते, असंही सांगितलं. उद्या सकाळी ती देणार होती.

नवी पिशवी कोपऱ्यात तशीच पडून होती. कमलम्मा फुलांची पाटी आवरताना तिच्याकडं बराच वेळ बघत होत्या. जाळीच्या खिडक्यांना त्यांनी बोट लावलं, आतली गादी बाहेर काढून बघितली.

“डॉक्टरम्मा, तुमच्या जावळीला नको असेल तर मला द्या की ही,” त्या म्हणाल्या. “वारा लई छान लागतो. उरलेली शेवंती उद्यापर्यंत राहती का, बघते.”

आणि पाव किलो शेवंती त्या पिशवीत घालून, जाळीची खिडकी बंद करून, त्या रुबाबात घराकडं निघाल्या.